खाडीवरच्या पोरींचं अपील

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाला.

मी उघडलं.

"अजून. मोठा आ कर."

रोह्यात दादासाहेबांच्या घराची ओटी. आम्ही चौघी पोरी रांगेनं उभ्या. डॉक्टर दातांचा, त्यांच्या ओळखीतला. त्यानं अंगठ्यानं माझा ओठ वर ढकलला, गाल ताणला, बॅटरीचा उजेड आत टाकला. मागं झोपाळ्यावर दादासाहेब चहा पीत बसले होते.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"अक्कलदाढ नाही आलेली. पण सतरा लिहायला हरकत नाही."

"सतराच लिहा. अठरा नको, खोटं वाटेल." दादासाहेब हसले. "आमचे आजोबा बाजारात बैल असाच घ्यायचे. दोन दाती, चार दाती. कधी फसले नाहीत."

डॉक्टर पण हसला. माझं तोंड उघडंच होतं. मिट, असं कुणी सांगितलं नव्हतं. लाळ हनुवटीवर आली. खांबाशी आमचे सर उभे होते, कबड्डी शिकवणारे. ते पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होते.

"दुसरी," डॉक्टर म्हणाला. मग मी तोंड मिटलं.

मी चौदा वर्षांची होते.

धरमतरच्या खाडीला लागून आमचं गाव. बाबा बार्जवर माल उतरवायला जायचे. आई मिठागरात. मी पण जायचे, शाळा नसली की. फळीनं मीठ ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावरून नेऊन ढिगावर टाकायचं. मिठानं पायाला चिरा पडतात आणि त्या चिरांत परत मीठच जातं. त्याचं कुणी काही बोलत नाही. सगळ्यांच्याच पायाला असतात.

कबड्डी गावात पोरांची. आमच्या शाळेत मात्र बाईंनी पोरींचा संघ काढला. मी डाव्या कोपऱ्याला. चढाईला आलेल्या पोरीचा घोटा एकदा हातात आला की सुटायचा नाही. पेणला तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही पोरींनी मोठ्या शाळा पाडल्या. तिथं रोह्याच्या सरांनी आम्हाला पाहिलं.

मग एक दिवस जीप आली. घरी नाही, शाळेत. वर्गात गणित चाललं होतं. बाईंनी माझं आणि सुनंदाचं नाव घेतलं. सुनंदा आमच्याच आळीतली, उजव्या कोपऱ्याला खेळायची. बाहेर सर, आणि पांढऱ्या कपड्यांतले दादासाहेब. रोह्याच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे आजोबा खोत. खोती गेली, पण बाबा त्यांना बघून अजून उठून उभे राहायचे. त्या दिवशी शाळेतून जीप आमच्या घरी आली, तेव्हा पण राहिले. घरातली एकुलती खुर्ची अंगणात आणून ठेवली.

"पोर आमच्याकडं द्या," दादासाहेब म्हणाले. "शाळा आमची, जेवण आमचं, खेळ आमचा. मोठ्या पोराला धाटावला कंपनीत चिकटवून देतो."

आई दाराआडून बोलली, "पोरीला तिथं बघंल कोण?"

"माझ्या घरात राहील. माझ्या पोरीसारखी."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. मला खेळायचं होतं. पण विचारलं नाही, हे पण खरं.

रोह्याला आमच्याआधी आणखी दोघी आल्या होत्या. वडखळच्या अलीकडच्या खाडीतल्या. आम्ही चौघी घरामागच्या गोडाऊनमध्ये झोपायचो, सिमेंटच्या गोण्यांच्या बाजूला. सकाळी मैदान. मैदानावरून आलो की बाहेरच्या नळावर लाल साबणानं हातपाय धुवायचे, तरच मागच्या दारानं आत. "खाडीचा वास घरात नको," काकी म्हणायच्या. काकी म्हणजे दादासाहेबांची बायको. मग भांडी, फरशी, कपडे. सगळ्यांची जेवणं झाली की मागच्या पडवीत आमची पानं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. ती दप्तर घेऊन शाळेत जायची तेव्हा मी जिना पुसत असायचे. ती पाय उचलून ओल्या पायरीवरून पुढं जायची. वाईट नव्हती ती. फक्त तिला मी दिसत नव्हते.

शाळेचं मी दोनदा विचारलं. एकदा काकींना. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये बघू." जून आला, गेला. दुसऱ्यांदा सरांना. ते म्हणाले, "आधी खेळावर लक्ष दे."

दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं. त्यात ढाली, चषक. त्यातले काही आम्ही आणलेले. दर शनिवारी ते बाहेर काढून मी फडक्यानं पुसायचे, परत आत ठेवायचे, आणि काकी कपाटाला कुलूप लावायच्या. माझ्यासमोर. किल्ली कमरेला.

मैदानावर नावं पुकारणारा माणूस लाउडस्पीकरवरून ओरडायचा, "ही बघा रोह्याची वाघीण." घरात आम्हाला नावं नव्हती. "ए खाडीवाली." चौघींपैकी कुणालाही. जिला ऐकू येईल तिनं यायचं.

तरी मी राहिले. कारण संध्याकाळी मैदान असायचं. समोरची पोर दम घेत पुढं यायची, तिचा पाय माझ्या बाजूला वळायचा, आणि मी खाली बसून घोटा धरायचे. तेवढ्या क्षणापुरती मी कुणाची मोलकरीण नव्हते.

बंदी आली ती एका हरलेल्या संघामुळं. आमच्याकडून फार वाईट हरले आणि त्यांनी जिल्ह्याच्या संघटनेत तक्रार केली. नियम असा होता की सोळाच्या आतली पोर दुसऱ्या तालुक्यातून आणून खेळवायची नाही. आईबाप तिथं राहायला गेले असले तर चालेल, नुसतं खेळासाठी पोर उचलून आणायची नाही. आम्ही चौघी पेण तालुक्यातल्या. चौघी लहान. संघटनेनं निकाल दिला. रोह्याच्या मंडळानं दोन वर्षं एकही नवा खेळाडू घ्यायचा नाही. पुरुषांच्या संघात नाही, पोरींच्या संघात नाही.

आम्ही गेलो तरी दादासाहेबांचं अडत नव्हतं. पण पुरुषांच्या संघासाठी मुंबईहून तीन तगडे गडी यायचे ठरले होते. शब्द दिला-घेतला होता. ते दार बंद झालं. म्हणून मंडळानं अपील केलं. अपिलात एकच म्हणणं. या पोरी लहान नाहीतच, सोळा पार केलेल्या आहेत, मग नियम मोडला कुठं?

म्हणून दात.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सरांनी मला मैदानावर बाजूला घेतलं. सर वाईट माणूस नव्हते. पायाला लागलं की स्वतः तेल चोळून द्यायचे. पण त्यांना पगार दादासाहेब देत होते.

"एकदा सतरा म्हण," ते म्हणाले. "समिती तुलाच विचारणार. तू चांगली बोलतेस. बंदी उठली की जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला तुझं नाव पाठवतो. पुढं राज्य. इथून निघायचं असेल तर हाच रस्ता आहे, पोरी."

"आणि चौदा म्हणाले तर?"

"तर तू परत मिठात."

जिल्ह्याचा संघ मला हवा होता. फार हवा होता. त्याच्यासाठी मी जिना पुसला होता, लाल साबण सोसला होता. एक आकडा म्हणायचा. त्यात काय जातं, असं मी स्वतःला समजावत होते.

सकाळी जीपनं निघालो. पुढं मोठी माणसं, मागं आम्ही चौघी. वाटेत खांब गावात चहाला थांबले. आम्ही आतच बसून. चहा पिऊन दादासाहेब मागच्या बाजूला आले, दारावर हात टेकून उभे राहिले.

"वय?"

"सतरा," चौघी म्हणालो.

"शाळा?"

"सोडली. स्वतःहून."

"आमच्याकडं कशा आलात?"

"खेळायला. स्वतःहून."

"तू नाही बोललीस." माझ्याकडं बोट. "परत."

"सतरा," मी म्हणाले. "सोडली." मला वर्गाचं दार दिसत होतं, फळ्यावर अर्धं राहिलेलं गणित दिसत होतं.

"स्वतःहून," त्यांनी सांगितलं.

"स्वतःहून," मी म्हणाले.

"शाब्बास." त्यांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. पुढं जाऊन बसले.

पेणला एका शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी. सुट्टी होती, बाकं भिंतीला लावली होती. आमच्या आया आधीच आल्या होत्या. बापांना दादासाहेबांनी बोलावलं नव्हतं. मुद्दाम. ते मला नंतर कळलं. बाप थोडंफार शिकलेले, काहीतरी बोलून बसतील. आयांना काही सांगता येणार नाही, आणि तेच हवं होतं.

आई ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. मला बघून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. चिरा पडलेला हात, खरखरीत. "वाळलीस गो," एवढंच म्हणाली.

टेबलामागं समितीचे तिघं. मधले निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. एका बाजूला दादासाहेब आणि मंडळाची माणसं, दुसऱ्या बाजूला तक्रार केलेल्या संघाची. खुर्च्या भरपूर होत्या. आम्ही आणि आमच्या आया मागं भिंतीला उभ्या.

दादासाहेब उठले. बोलायला हुशार माणूस.

"गुरुजी, शाळेतल्या तारखेवर जाऊ नका. खाडीकडच्या शाळांत अर्ध्या पोरांचा जन्म एक जूनचा. मास्तर नाव घालताना ठोकून देतात. या लोकांना जन्मतारीख असते कुठं? डॉक्टरांनी तपासलंय, चौघी सोळाच्या वर आहेत. आम्ही यांना चिखलातून उचलून मैदानावर आणलं. अन्न दिलं, छप्पर दिलं. त्याची ही शिक्षा?"

गुरुजींनी मान हलवली. आईकडं बघितलं. "बाई, पुढं या."

आई पुढं गेली. चप्पल तिनं दाराशीच काढून ठेवली होती. दुसऱ्या कुणी काढली नव्हती.

"हिचा जन्म कधीचा?"

"शिमग्याच्या मागंपुढं असंल."

"कुठल्या वर्षी?"

"तेवढा नाय ठावं."

"अंदाजे तरी सांगा."

आई गोंधळली. तिनं बोटं चाळवली. "मोठ्या पोराच्या पाठची. मधी एक पोर गेला. मंग ही."

दादासाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "ऐकलंत गुरुजी? म्हशीचं वेत विचारा, चुकायच्या नाहीत. पोरांचा हिशोब नाही."

हॉल हसला. मंडळाची माणसं हसली. तक्रार केलेलीही हसली. इतका वेळ एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आता एकत्र हसले. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, पण त्यांचेही ओठ हलले होते.

आणि आईही हसली. पदर तोंडाला लावून. मोठी माणसं हसतायत म्हणून.

मधी एक पोर गेला, असं ती म्हणाली होती. माझ्या आधीचा भाऊ. तिनं आमच्यासमोर सुद्धा कधी त्याचा विषय काढला नव्हता. या लोकांनी वर्ष विचारलं म्हणून त्याला तिनं तिथं आणला. आणि त्यावर हे हसले.

डोळ्यांत पाणी नाही आलं. छातीत काहीतरी सरळ झालं, एवढं आठवतं.

"आता मुलगी," गुरुजी म्हणाले. "ये बाळ. तुझं वय काय?"

दादासाहेबांनी माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. सर खाली बघत होते.

"हसून झालं का?" मी विचारलं.

"काय म्हणालीस?"

"माझी आई माझा भाऊ मेल्याचं सांगत होती. तुम्ही हसलात. झालं असंल तर बोलते."

बाहेर रस्त्यावरून एसटी गेली तिचा आवाज आत आला.

"मी चौदा वर्षांची. मला सातवीच्या वर्गातून उठवून नेलं. माझ्या बाकावरच्या पोरी आता आठवीत बसतात. गावात या, त्यांना बघा. आमचे दात कशाला बघता?"

दादासाहेब उठले. "पोर घाबरलीय गुरुजी. कुणीतरी शिकवून..."

"शिकवलं तुम्ही. आज सकाळी, खांबला, जीपमध्ये. सतरा. शाळा सोडली, स्वतःहून. आलो, स्वतःहून. मला पाठ हाय. म्हणून दाखवू?"

ते उभेच होते.

"आन् छप्पर दिलं म्हणाले. गोडाऊनचं हाय ते. सिमेंटच्या बाजूला झोपतो आम्ही. पोरीसारखी ठेवतो म्हणाले होते माझ्या आईला. तुमची पोर जिना पुसते का, दादासाहेब? तिला मागच्या पडवीत जेवायला बसवता का? शाळेत घालतो म्हणाले. जून गेला."

"बाळ," गुरुजी मधे बोलले. आवाज मऊ होता. "हा आजचा विषय नाही. आज मंडळावरच्या बंदीचं अपील आहे."

"मंग आमचं अपील कुठं करायचं?"

त्यांनी शेजारच्याकडं बघितलं. शेजारच्यानं पुढ्यातलं नियमांचं पुस्तक थोडं सरकवलं, उघडलं नाही.

"खेळाडूनं अपील करायची तशी तरतूद नाही," गुरुजी म्हणाले.

तक्रार केलेल्या बाजूचा एकजण खुशीत मान हलवत होता. मी त्याच्याकडं वळले. "तुम्ही नका मान हलवू. आम्ही लहान हाव म्हणून तक्रार केली नाय तुम्ही. हरलात म्हणून केली. जिंकला असतात तर आम्ही गोडाऊनमध्ये मेलो असतो तरी विचारलं नसतं."

त्याची मान थांबली.

मग सुनंदाला पुढं बोलावलं. "मी हिच्याच वर्गात होते," ती म्हणाली. दुसरं काही नाही. तेवढं पुरलं. बाकी दोघींनी सतरा सांगितलं. त्यांच्या घरी काय शब्द दिला होता, मला माहीत आहे. त्यांच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही.

मी आईचा हात धरला आणि बाहेर पडले. गोडाऊनमध्ये माझे दोन फ्रॉक आणि खेळायचे कपडे राहिले होते. ते तिथंच राहिले.

स्टँडवर आई माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "मी का हासले, मनाच कळला नाय गो."

"मना कळला," मी म्हणाले. "परत नाय हसायचं."

"नाय," ती म्हणाली.

अपील फेटाळलं. मंडळावरची बंदी कायम. पण त्याच निकालात खाली आमच्यासाठी दोन ओळी होत्या. या मुली नियमबाह्य खेळल्या म्हणून त्यांनाही एक वर्ष खेळता येणार नाही. चौघींना. जिनं खरं सांगितलं तिला, आणि जिनं खोटं सांगितलं तिला. आणणाऱ्याला शिक्षा, आणलेल्यालाही शिक्षा. निवडीचं वर्ष तेच होतं. जिल्ह्याच्या संघात मी कधीच खेळले नाही.

माझ्या मोठ्या भावाला कबूल केलेली धाटावची नोकरी मिळाली नाही. तो माझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हता. बाबा एकदाच बोलले. "आपण मिठातली माणसं. त्यांच्याशी वैर आपल्याला झेपंल का?" मी म्हणाले, "वैर आपण नाय केलं." ते उठून धक्क्याकडं गेले. शेजारीपाजारी बायका म्हणायच्या, पोर तोंडाळ निघाली, हिला कोण करून घेणार. आई मीठ ओढता ओढता त्यांना एकदा म्हणाली, "तोंड हाय तर बोलंल." तेवढ्यानं त्या गप्प झाल्या असं नाही. पण आई म्हणाली.

शाळेत परत गेले. बाईंनी सातवीत बसवलं. माझ्यापेक्षा लहान पोरींच्यात मी सगळ्यांत उंच, शेवटच्या बाकावर. लाज वाटायची. गेले तरी.

एका रविवारी सर आले. जीपनं नाही, एसटीनं, मग चालत बांधावरून. त्यांनी रोहा सोडलं होतं, की त्यांना सोडायला लावलं, ते बोलले नाहीत.

"पेणचं एक मंडळ आहे," ते म्हणाले. "तुझं वर्ष संपलं की तुला घेतील. तालुक्यातलंच. नियमात बसतं. राहायची सोय करतील."

"कुठं?"

"अध्यक्षांच्या घरी."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं. खाली बघायची त्यांची सवय गेली नव्हती.

"सर, तुम्हाला माहीत होतं ना सगळं?"

"माझं पोट होतं, पोरी."

"आमचंही होतं."

त्यांना मी चहा दिला. कपबशी आमचीच, आम्ही पितो तीच. ते गेले. पेणच्या मंडळाला मी 'नाही' असं कळवलं.

आम्ही गावातच खेळायला लागलो. भात कापून झालेल्या शेतात, ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून. सुनंदा, मी, आळीतल्या पोरी. गावातली काही माणसं बांधावर उभी राहून शिव्या घालायची. आम्ही रेषा आखायचो. त्यांनी एकदा रेषांवरून बैलगाडी नेली. दुसऱ्या दिवशी आम्ही परत आखल्या. वर्ष संपल्यावर जोहे गावच्या स्पर्धेत उतरलो. लाउडस्पीकरवाल्यानं विचारलं, संघाचे अध्यक्ष कोण? मी म्हणाले, अध्यक्ष नाय. तो म्हणाला, अध्यक्षाशिवाय नाव कसं पुकारू? मी म्हणाले, आमची सात नावं हायत, ती पुकारा. सातही नीट पुकारेपर्यंत आम्ही मैदानावर गेलो नाही. त्या दिवशी वाईट हरलो. त्यानंतरही बऱ्याचदा हरलो.

रोह्याच्या मंडळावरची बंदी दोन वर्षांनी उठली, आणि तिसऱ्या वर्षी त्यांचा माणूस गावात आला. आता ते शहाणे झाले होते. सोळा पार केलेली पोर हवी, सगळं नियमात. त्यानं सुनंदाची धाकटी बहीण रंजना मागितली. ती आमच्याच शेतात शिकलेली. माझ्यापेक्षा चपळ.

मी तिला मिठागराच्या कडेला घेऊन बसले. सगळं सांगितलं. नळ, साबण, पडवी, गोडाऊन. तिनं ऐकून घेतलं.

"तरी मना जायचं हाय," ती म्हणाली. "इथं कोण बघतंय आमचा खेळ?"

मला राग आला. मग वाटलं, हिला निदान मी विचारतेय. हिचं हो हे हिचं आहे. मी तिला अडवलं नाही.

ती गेली. तिच्या दुसऱ्या रविवारी मी एसटीनं रोह्याला गेले. आईला सांगून गेले. मागच्या दारानं नाही. पुढच्या फाटकात उभी राहिले आणि हाक मारली. काकी बाहेर आल्या. आधी ओळखलं नाही. मग ओळखलं.

"ए, तू? काय पाहिजे?"

"रंजनाला बोलवा."

"काम करतेय ती."

"खेळायला आणलीय तिला. बोलवा."

"आवाज खाली. आत दादासाहेब आहेत."

"त्यांनाही बोलवा."

शेजारच्या घरातून कुणीतरी वाकून बघितलं. काकी आत गेल्या. मी फाटक धरून उभी. उन्हात लोखंड तापलं होतं, हात भाजत होता, पण मिठातल्या हाताला त्याचं फार काही वाटत नाही. बऱ्याच वेळानं रंजना आली. ओले हात परकराला पुसत.

मी तिला मोठ्यानं विचारलं. आत ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. कुठं झोपतेस. कुठं बसून जेवतेस. तुला नावानं हाक मारतात का. ती हळू उत्तर द्यायला लागली तर मी म्हणाले, मोठ्यानं सांग. तिनं सांगितलं. त्यांच्या आळीतली माणसं थांबून ऐकत होती. ओटीवर दादासाहेब आले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, नजर हटवली नाही. ते आत गेले.

"यायचंय का घरी?" मी रंजनाला विचारलं.

तिनं मागं घराकडं बघितलं. "नाय," म्हणाली. "निवड हाय."

"बरं," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी येते."

माझ्यावर हसतात. वेडी म्हणतात. एकदा त्यांच्या माणसानं स्टँडवर धमकी दिली, परत दिसलीस तर पाय मोडीन. मी त्याला माझी रविवारची एसटी किती वाजता येते ते सांगितलं.

रंजना यायला तयार होईल की नाही, मला माहीत नाही. ती जिल्ह्याच्या संघात गेली तर मी टाळ्या वाजवीन. पण त्या घरात खाडीवरची एक पोर जोवर आहे, तोवर रविवारी पुढच्या फाटकात मी आहे. आत बोलावलं तरी जाणार नाही. गप्प बस म्हटलं तर बसणार नाही. ती गेली आणि दुसरी आली, तर दुसरीसाठी उभी राहीन. मी नाही राहिले, तर सुनंदा राहील. तिला मी सांगून ठेवलंय.